शून्य राखणारा खेळाडू

फुटबॉलचा सामना संपला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोणाचे नाव ठळक अक्षरांत छापून येते? ज्याने गोल केला त्याचे. ज्याने समोरच्या संघाला गोल करू दिला नाही, त्याचे नाव बातमीच्या शेवटच्या ओळीतही क्वचितच सापडते. अशा खेळाडूला बचावपटू म्हणतात. 'बचाव' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच आहे.

या पाठात आपण खालच्या श्रेणीच्या स्पर्धांत खेळणाऱ्या बचावपटूची ओळख करून घेऊ. तो खेळावरच पोट भरतो. त्याचे सामने दूरदर्शनवर फारसे दिसत नाहीत आणि त्याला पाहायला लाखो लोक येत नाहीत. त्याचे काम काय असते? त्याला पैसे कोण देतो? संघच बंद पडला तर तो कोठे जातो? हे प्रश्न गोल कसा करावा या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत.

प्रथम त्याचे काम पाहू. फुटबॉलचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. एवढी रुंद चौकट एकट्या गोलरक्षकाला राखता येणे अवघड. म्हणून त्याच्या पुढे बहुधा चार बचावपटू उभे असतात. दोघे मध्यभागी आणि दोघे दोन्ही कडांना. मधले बचावपटू उंच आणि अंगाने भक्कम असतात, कारण हवेतून आलेला चेंडू डोक्याने दूर करणे हे त्यांचे रोजचे काम. कडेच्या बचावपटूंना मात्र सतत धावावे लागते. संघ चढाई करत असेल तर पुढे जायचे आणि चेंडू हातचा गेला की तितक्याच वेगाने मागे यायचे.

बचावपटू नुसता चेंडूकडे पाहत उभा राहिला तर फसतो. त्याला एकाच वेळी चेंडू, समोरचा आघाडीवीर आणि आपले तीन साथीदार यांच्यावर नजर ठेवावी लागते. साथीदारांवर का, तर ऑफसाइडच्या नियमामुळे. समोरचा खेळाडू तुमच्या अर्ध्या भागात असेल, चेंडूच्या पुढे असेल आणि तुमचा शेवटून दुसरा खेळाडूही त्याच्या मागे राहिला असेल, तर अशा वेळी त्याच्याकडे चेंडू टाकता येत नाही. टाकला आणि त्याने खेळात भाग घेतला तर पंच खेळ थांबवतात. या नियमाचा फायदा घेण्यासाठी चारही बचावपटू एका रेषेत पुढे सरकतात. तिघे पुढे आले आणि चौथा मागेच रेंगाळला, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून चांगले बचावपटू मैदानात सारखे एकमेकांशी बोलत असतात. प्रेक्षकांना ते ऐकू येत नाही, पण बचावाचे निम्मे काम या बोलण्यातच असते.

शिवाय त्याच्या चुकीला माफी नसते. आघाडीवीराने चार संधी दवडल्या आणि पाचव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटूने नव्वद मिनिटे चोख काम केले आणि एकदाच पाय घसरला, तर तेवढेच लोकांच्या लक्षात राहते. गोलासमोरच्या चौकोनात त्याने आघाडीवीराला चुकीच्या पद्धतीने पाडले, तर समोरच्या संघाला ११ मीटरांवरून पेनल्टी मिळते.

बचावपटूचा चांगला दिवस कसा असतो, याचे एक उदाहरण पाहा. १० सप्टेंबर २०१९ रोजी कतारमधील दोहा शहरात भारत आणि कतार यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. कतारने त्याच वर्षी फेब्रुवारीत आशियाई चषक जिंकला होता. कर्णधार सुनील छेत्री आजारी असल्याने भारताकडून खेळू शकले नाहीत. कतारने गोलाच्या दिशेने पंचवीसहून अधिक फटके मारले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांच्यासमोर राहुल भेके, संदेश झिंगन, आदिल खान आणि मंदार राव देसाई हे चार बचावपटू होते. यांपैकी भेके मुंबईचे, तर आदिल आणि मंदार गोव्याचे. सामना संपला तेव्हा फलकावर ०-० असा आकडा होता. कोणीही गोल केला नाही, तरी भारतात आनंद साजरा झाला. त्या दिवशी शून्यालाच किंमत होती.

हे खेळाडू मोठ्या मैदानावर पोहोचले. पण तेथे पोहोचण्याची वाट बहुधा शाळेपासून आणि लहान लहान संघांतून जाते. आपल्या राज्यात ही वाट सगळीकडे सारखी नाही.

बीड जिल्ह्यातील कपिलधारचे उदाहरण घ्या. बालाघाटच्या डोंगरात वसलेले हे ठिकाण पावसाळ्यात कोसळणाऱ्या धबधब्यासाठी आणि मन्मथस्वामींच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. या परिसरातल्या एखाद्या मुलाला फुटबॉलचा बचावपटू व्हायचे असेल, तर त्याला मुंबई-कोल्हापूरसारखे क्लब जवळ मिळणार नाहीत. त्याची पहिली पायरी शाळेचा संघ हीच. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा क्रमाने होतात. शाळांसाठीच्या सुब्रतो चषकाचीही वाट अशीच आहे. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने ही स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तिच्यात मुलांचे संघ असतात, तसेच मुलींचेही असतात. या स्पर्धांत जो डोळ्यांत भरतो, त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडीची संधी मिळू शकते. कोल्हापूरचे अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीत शिकले आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले. ते आघाडीला खेळतात, पण प्रबोधिनीचा दरवाजा बचावपटूलाही तोच आहे.

कोल्हापूरचे नाव आले म्हणून थोडे तिकडे वळू. त्या शहरात फुटबॉलचे वेड जुने आहे. तेथील नामवंत संघांची नावे ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे व्यायामशाळा, कुस्तीचा आखाडा. शब्द एकच, पण एका भाषेत तो मदरशात गेला आणि दुसऱ्या भाषेत आखाड्यात. पूर्वी या तालमींत पैलवान तयार होत. पुढे त्याच तालमींचे फुटबॉल संघ उभे राहिले. 'दिलबहार' या नावाबद्दल तर तुम्हांला वेगळे सांगायला नको. या संघांचे सामने राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाच्या स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वतीने होतात. पेठेपेठेतून हजारो लोक ते पाहायला येतात. खेळाडूंना संघाकडून हंगामाचे मानधन मिळते आणि बाहेरगावचे, कधी कधी परदेशी खेळाडूही घेतले जातात. असा गर्दीचा फुटबॉल महाराष्ट्रात दुसरीकडे फारसा दिसत नाही, असे माझे मत आहे. पण पेठेतला लाडका बचावपटू शहराबाहेर पडला की त्याला सगळे नव्याने सिद्ध करावे लागते.

शहराबाहेर काय आहे? भारतातील फुटबॉल एका शिडीसारखा आहे. सर्वांत खाली जिल्ह्यांच्या व राज्यांच्या लीग स्पर्धा असतात. त्यांच्या वर देशपातळीवरील खालच्या श्रेणी. त्यांच्यावर २००७ साली सुरू झालेली आय-लीग. शिडीच्या टोकाला २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. पूर्वी आय-लीग जिंकूनही वरच्या पायरीवर जाता येत नसे. २०२३ साली पंजाबचा आणि २०२४ साली कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग हा संघ आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला. संघ वर जातो तसा खालीही येतो. संघ खाली आला की खेळाडूंचे पगारही बहुधा खाली येतात.

राहुल भेके यांची वाटचाल पाहिली म्हणजे ही शिडी कशी चढावी लागते ते समजते. त्यांचा जन्म १९९० साली मुंबईत झाला. आय-लीगमधील मुंबई एफसी या संघाकडून ते खेळले. हा संघ विजेतेपदासाठी कमी आणि आपली जागा टिकवण्यासाठी अधिक झगडायचा. अशा संघात बचावपटूला काम पुष्कळ असते! तेथून ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. त्या काळी आयएसएलचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा असे. म्हणून आय-लीगचे क्लब आपले खेळाडू तेवढ्यापुरते उसने देत. २०१५ साली भेके केरळ ब्लास्टर्सकडे, तर २०१६ साली एफसी पुणे सिटीकडे असेच उसने गेले. वर्षातून दोनदा शहर बदलायचे, दोन प्रशिक्षकांच्या पद्धती शिकायच्या आणि नव्या साथीदारांबरोबर ती एक रेषा पुन्हा जुळवायची.

२०१७ साली ते बेंगळुरू एफसीमध्ये गेले. १७ मार्च २०१९ रोजी आयएसएलचा अंतिम सामना मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर झाला. बेंगळुरूसमोर एफसी गोवा हा संघ होता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेतील ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू भेके यांनी डोक्याने गोलात घातला आणि बेंगळुरू १-० ने जिंकले. जन्माने मुंबईकर असलेल्या बचावपटूने मुंबईच्याच मैदानावर पाहुण्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. २०२१ साली ते मुंबई सिटी एफसीत आले. ११ एप्रिल २०२२ रोजी या संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या हवाई दलाच्या क्लबला २-१ ने हरवले. या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिलाच सामना होता आणि विजयी गोल पुन्हा भेके यांचा होता. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीने आयएसएलचा चषक जिंकला तेव्हा कर्णधार तेच होते. तेव्हा त्यांचे वय ३३ होते. या वयात अनेक आघाडीवीरांचा वेग मंदावलेला असतो. बचावपटूला मात्र अनुभवाची जोड मिळते. कोठे उभे राहायचे हे कळले, की धावण्याची गरज थोडी कमी होते.

सगळ्यांची वाट अशी चढतीच असते असे नाही. आदिल खान गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबकडून आणि नंतर मोहन बागानकडून खेळले. मोहन बागान हा देशातील नामांकित क्लब. पण तेथून बाहेर पडल्यावर त्यांना खालच्या पायरीवर यावे लागले. काही काळ ते काश्मीरच्या लोनस्टार या संघाकडून आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळले. अशा ठिकाणी गेलेला खेळाडू बहुधा विस्मरणात जातो. आदिल यांनी खेळणे सोडले नाही. २०१७ साली ते एफसी पुणे सिटीमध्ये आले. सुरुवातीला ते मधल्या फळीत खेळत. पुढे बचावाच्या मध्यभागी त्यांचा जम बसला. दोहाच्या त्या सामन्यात ते होते, हे आपण वर पाहिलेच. त्यानंतर महिनाभराने, १५ ऑक्टोबर २०१९ रोजी, कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध भारत एका गोलाने मागे होता. ८८ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोके लावून आदिल यांनी बरोबरी साधून दिली.

आता पैशाचा विषय. तो टाळून या व्यवसायाची माहिती पुरी होणार नाही.

जुन्या मुंबईत फुटबॉलपटूला पैसे क्लबकडून कमी आणि नोकरीतून अधिक मिळत. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, बँका, रेल्वे, एअर इंडिया अशा गिरण्या, कंपन्या व कार्यालयांचे संघ असत. खेळाडू तेथे कामाला लागे, सरावासाठी त्याला सवलत मिळे आणि खेळ संपल्यावरही नोकरी राही. पगार फार मोठा नसे, पण तो दर महिन्याला येई. गुडघा दुखावला तरी चूल बंद पडत नसे.

पुढे गिरण्या बंद झाल्या आणि काळ बदलला. महिंद्र युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० साली तो संघच बंद करण्यात आला. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने २०१३ साली एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर पडला. मुंबई एफसी २०१७ साली खालच्या श्रेणीत घसरला आणि बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली आणि आदिल खान यांच्यासारखे खेळाडू तिकडे गेले. नऊ-दहा वर्षांत एवढे संघ! यांत खेळाडूंचा दोष नव्हता. संघ चालवायला पैसा लागतो आणि तो परत मिळेल याची मालकांना खात्री वाटली नाही. मोठ्या नावाच्या खेळाडूला दुसरा क्लब लगेच बोलावतो. खालच्या श्रेणीतल्या बचावपटूच्या दाराशी कोणी येत नाही. त्यालाच दारोदार फिरावे लागते.

आता खेळाडू आणि क्लब यांच्यात लेखी करार होतो. खालच्या श्रेणीत तो पुष्कळदा एकाच हंगामाचा असतो. हंगाम संपला की पगार थांबतो. ही अडचण फक्त आपल्याच देशात आहे असे समजू नका. जगभरच्या फुटबॉलपटूंच्या संघटनेने २०१६ साली ५४ देशांतील सुमारे १४,००० खेळाडूंची पाहणी केली. त्यांतील ४१ टक्के खेळाडूंनी आपला पगार उशिरा मिळाल्याचे सांगितले. ४५ टक्के खेळाडूंचे महिन्याचे उत्पन्न एक हजार डॉलरपेक्षा कमी होते. म्हणून २०१८ साली फिफा या जागतिक संस्थेने नियम केला. क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडूने लेखी सूचना देऊन १५ दिवस वाट पाहावी आणि तरीही पैसे न मिळाल्यास त्याला करार मोडता येतो. म्हणूनच कराराचा कागद नीट वाचणे आणि त्याची प्रत जवळ ठेवणे, हेही बचावपटूचे एक बचावाचेच काम आहे.

शिडीच्या टोकालाही धोका संपत नाही. २०२५ साली भारतीय महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातील कराराचा प्रश्न सुटला नाही आणि स्पर्धा कधी सुरू होणार हेच कळेना. त्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवत असल्याचे जाहीर केले. भेके तेव्हा पुन्हा त्याच क्लबात होते. पाच महिन्यांपूर्वीच, मार्चमध्ये, त्यांनी शिलाँगला मालदीवविरुद्ध भारतासाठी गोल केला होता.

दुखापतीचे भयही कायमचे असते. बचावपटू उडी मारतो, घसरत जाऊन चेंडू काढतो, वेगात वळतो. यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुन्हा मैदानात उतरायला सहा ते नऊ महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एका हंगामाचा करार असलेल्याचा सारा करार एवढ्यातच संपतो. त्यामुळे अनेक खेळाडू आजही रेल्वे, पोलीस, सेनादल किंवा बँक यांच्या संघांकडे पाहतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मात्र त्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी होते आणि पदाला लागणारे शिक्षणही पूर्ण असावे लागते. शाळा सोडून केवळ चेंडूमागे धावलेल्या मुलाला येथे अडखळावे लागते. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ बचावाला खेळत आणि त्याच काळात कोलकात्यात डॉक्टरीचे शिक्षण घेत. पुढे नागालँडमध्ये ते डॉक्टर म्हणूनच ओळखले गेले.

खेळणे थांबल्यावर काही जण प्रशिक्षक होतात. त्यासाठीही परीक्षा व परवाने असतात आणि खालच्या परवान्यापासून एकेक पायरी चढावी लागते. बचावपटूला या कामाचा थोडा फायदा असतो. त्याने सारे आयुष्य मागून संपूर्ण मैदान पाहिलेले असते. गोव्याचे डेरिक परेरा बचावपटू होते. महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. गोव्याचेच दुसरे नामांकित बचावपटू महेश गवळी पुढे भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खालिद जमील मधल्या फळीत खेळत. महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या, आज आय-लीगच्या यादीत नसलेल्या, तिन्ही संघांकडून ते खेळले. दुखापतींमुळे त्यांचे खेळणे लवकर थांबले. मग त्यांनी मुंबई एफसीला शिकवले, २०१७ साली मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली.